हाडातील गाठ: मालिशीआधी एक्स-रे, सुरीआधी सल्ला

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानांवर तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी नियमितपणे लिहिले जाते आणि त्याचा उपयोग होतो, हे मी माझ्या कामात पाहते. ते वाचून स्वतःहून तपासणीला येणाऱ्या स्त्रिया आता खेड्यांतूनही भेटतात. हाडांमध्ये होणाऱ्या गाठींविषयी मात्र जवळजवळ काहीच छापून येत नाही. ही दुखणी संख्येने थोडी आहेत हे खरे. हाडातच सुरू होणाऱ्या कर्करोगाचे प्रमाण सगळ्या कर्करोगांत एक टक्काही भरत नाही. पण ज्यांना तो होतो त्यांत शाळा-महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींचा वाटा मोठा आहे आणि वेळेवर ओळखला गेला तर त्यांतील बहुतेकांचा पाय आणि अनेकांचा जीव वाचवता येतो. मी पंढरपूर परिसरात क्ष-किरण निदानाचे काम अनेक वर्षे करत आहे. त्या आधारावर मला दोन गोष्टी आग्रहाने मांडायच्या आहेत. वाढत्या वयाच्या मुलाचे एकाच जागी टिकून राहिलेले हाडाचे दुखणे चोळण्याआधी त्याचा एक्स-रे काढावा. आणि त्या एक्स-रेत संशयास्पद काही दिसले, तर पुढची मोठी शस्त्रक्रिया जिथे होणार आहे त्या ठिकाणाखेरीज अन्यत्र कुठेही त्या गाठीला सुरी लावू देऊ नये.

मुलांच्या हाडातील सर्वांत जास्त आढळणारी मारक गाठ म्हणजे ऑस्टिओसार्कोमा. ती बहुधा दहा ते वीस या वयात होते, कारण याच काळात हाडे सर्वाधिक वेगाने लांब होतात. आणि हाडाच्या ज्या टोकांशी ही वाढ सर्वांत जोमाने चालते तिथेच ती घर करते, म्हणजे मांडीच्या हाडाचे खालचे टोक, नडगीचे वरचे टोक आणि त्याखालोखाल दंडाचे खांद्याजवळचे टोक. म्हणूनच बहुतेक मुले गुडघा दुखतो म्हणून येतात. या वयातली मुले खेळतात, पडतात, त्यांना मुका मार लागतच असतो, त्यामुळे घरातल्या माणसांना कारण शोधावे लागत नाही. कबड्डीत गुडघा मुरगळला, सायकलवरून पडला, बैलगाडीतून उडी मारली, असे काहीतरी आठवतेच. मार लागल्यामुळे ही गाठ होत नाही. मार फक्त आधीपासून असलेल्या दुखण्याकडे लक्ष वेधतो आणि दुर्दैवाने त्याच मारामुळे खऱ्या कारणावर पडदाही पडतो.

कॅनडाच्या टेरी फॉक्सची हकीकत अनेक वाचकांना ठाऊक असेल. १९७६च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या गाडीला अपघात झाला आणि उजवा गुडघा दुखू लागला. डिसेंबरमध्ये दुखणे पुन्हा जाणवले, पण बास्केटबॉलचा हंगाम संपेपर्यंत त्याने ते अंगावर काढले. १९७७च्या मार्चमध्ये ऑस्टिओसार्कोमाचे निदान झाले आणि अठराव्या वर्षी त्याचा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १९८० मध्ये कृत्रिम पायाने तो देश ओलांडण्यासाठी धावू लागला, १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर रोग फुप्फुसात पोहोचल्याने थांबला आणि १९८१च्या जूनमध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी गेला. त्या अपघातानेच आपला गुडघा कमकुवत झाला अशी त्याची समजूत होती. डॉक्टरांना ती मान्य नव्हती. पन्नास वर्षांपूर्वीच्या, संपन्न देशातल्या, चांगल्या खेळाडू मुलाने दुखण्याचा जो अर्थ लावला, तोच आज आमच्या तालुक्यातले पालक लावतात, म्हणून त्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. त्यांना काय पाहायचे ते कोणी सांगितलेलेच नाही.

ते सांगणे अवघड नाही. वाढीच्या वयात पाय दुखतात हे आजीपासून सगळ्यांना माहीत असते आणि बहुतेक वेळा ते तसेच असते. अशा दुखण्यात बहुधा दोन्ही पाय दुखतात, जागा बदलत राहते, संध्याकाळी किंवा रात्री दुखून सकाळी मूल पुन्हा उड्या मारू लागते, लंगडत नाही आणि सूजही दिसत नाही. याउलट एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी, दोन-तीन आठवड्यांनंतरही न थांबणारे, विश्रांती घेतली तरी चालू राहणारे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, सोबत लंगडणे किंवा हाडाला चिकटलेला, हाताला कठीण लागणारा फुगवटा, हे वाढीचे दुखणे समजू नये. अशा मुलाचा एक्स-रे समोरून आणि बाजूने, दोन्ही दिशांनी काढावा आणि त्यात दुखणाऱ्या भागाच्या वरचा व खालचा पुरेसा भाग यावा. खुब्यातले दुखणे मुलांना अनेकदा गुडघ्यात जाणवते, म्हणून गुडघ्याचे चित्र स्वच्छ आले तरी खुबा तपासल्याशिवाय डॉक्टरांनी समाधान मानू नये. क्ष-किरणांची भीती वाटणाऱ्या आईवडिलांना मी नेहमी सांगते की गुडघ्याच्या एक्स-रेतून मिळणारा किरणोत्सर्ग निसर्गातून आपल्याला एका दिवसात मिळतो त्यापेक्षाही कमी असतो.

प्रत्यक्षात होते ते निराळे. आधी घरचा शेक, मग पाला बांधणे, मग हाड बसवणाऱ्याकडे मालीश, मग दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, आणि सूज नजरेत भरली की दवाखाना. एका मुलाचा एक्स-रे मला विसरता येत नाही. तो शाळेच्या कबड्डी संघात होता, मांडीच्या खालच्या भागावर गरम तेलाची मालीश अनेक आठवडे चालू होती आणि शेवटी मालीश चालू असतानाच ते हाड मोडले. गाठीने पोखरलेले हाड मोडते तेव्हा तिथे साकळलेल्या रक्ताबरोबर रोगपेशी भोवतालच्या स्नायूंत पसरतात आणि पाय वाचवण्याची शक्यता त्या क्षणी घटते. गावातल्या मालीश करणाऱ्या वयस्क माणसांशी मी बोलले आहे. त्यांचा हेतू वाईट नसतो आणि मुरगळलेल्या घोट्याला त्यांच्या हाताने आराम पडतोही. मुलाचे दुखणे एकदा चोळून थांबले नाही तर पुढे हात न लावता एक्स-रेला पाठवा, एवढे जरी त्यांनी मान्य केले, तरी त्यांच्या हातून अनेक पाय वाचतील.

हाडातली प्रत्येक गाठ कर्करोग नसते, हे मला तितक्याच जोराने सांगायचे आहे. मुलांच्या एक्स-रेत सौम्य गाठी मारक गाठींपेक्षा कितीतरी अधिक दिसतात. क्ष-किरण चित्र वाचताना आम्ही प्रथम गाठीची कड पाहतो. सौम्य गाठ सावकाश वाढते, त्यामुळे भोवतालच्या हाडाला आपल्या बाजूने पातळ, पांढरी, रेखीव भिंत उभारायला वेळ मिळतो. मारक गाठ ती भिंत उभी राहू देत नाही. तिची कड विस्कटलेली, कुठे संपते ते न कळणारी असते, हाडावरचे पातळ आवरण उचलले जाऊन त्याखाली त्रिकोणी सावली किंवा सूर्यकिरणांसारख्या रेषा दिसतात आणि हाडाबाहेर मांसल गोळा तयार होतो. त्याला रुग्णाचे वय आणि हाडातली नेमकी जागा यांची जोड दिली की बहुतेक वेळा दिशा कळते. काही गाठी तर अशा आहेत की त्यांचे चित्रच निदानाला पुरते आणि त्यांना हात लावू नये असे आमच्या शास्त्रात स्पष्ट शिकवले जाते. नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा ही त्यांतली नेहमीची. पडल्यामुळे काढलेल्या एक्स-रेत ती योगायोगाने दिसते, तिला स्वतःचे काही दुखणे नसते आणि वाढ पूर्ण झाल्यावर ती बहुधा आपोआप भरून जाते. अशा मुलाला कर्करोगाच्या संशयावरून तपासण्यांच्या फेऱ्यांत फिरवणे आणि हाड उघडून तुकडा काढणे म्हणजे निरोगी मुलाला रुग्ण करणे होय.

ऑस्टिओकॉन्ड्रोमा ही सौम्य गाठींतली सर्वांत जास्त आढळणारी गाठ. हाडाच्या टोकाजवळून, सांध्यापासून दूर रोख असलेला, कूर्चेची टोपी घातलेला कोंब फुटावा तशी ती वाढते आणि मुलाची उंची वाढायची थांबली की तीही थांबते. नसेवर किंवा रक्तवाहिनीवर दाब येत असेल, चालताना खुपत असेल, तरच ती काढावी लागते. एकट्या गाठीचे मारक रूप होण्याची शक्यता सुमारे एक टक्का आहे. म्हणून मोठेपणी ती पुन्हा वाढू किंवा दुखू लागली तरच धावपळ करावी. ज्या घराण्यात अशा अनेक गाठी पिढीजात आढळतात तिथे मात्र नियमित पाहणी हवी. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ही दुसरी, आकाराने जेमतेम दीड सेंटिमीटरची. रात्री असह्य दुखते आणि ॲस्पिरिनच्या गटातल्या गोळीने आश्चर्य वाटावे इतके लवकर थांबते. ही मुले महिनोन्‌महिने रात्री रडतात, कुणी त्यांना अभ्यास टाळण्याचे निमित्त म्हणते, कुणी मनाचा खेळ म्हणते. हाड न उघडता, सीटी स्कॅनच्या आधारे बारीक सुई थेट गाठीच्या गाभ्यात नेऊन तो सुमारे ९० अंश सेल्सिअसला काही मिनिटे तापवला की ती संपते. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभापासून ही पद्धत वापरात आहे आणि मूल बहुधा दुसऱ्या दिवशी घरी जाते. रात्री नीट झोपलेल्या मुलाचा चेहरा पाहून आईला जे वाटते ते मी अनेकदा पाहिले आहे, म्हणून या गाठीबद्दल दोन ओळी अधिक लिहिण्याची मुभा घेते.

सौम्य आणि मारक यांच्या मधोमध उभी असलेली एक गाठ आपल्याकडे विशेष लक्ष देण्याजोगी आहे, ती म्हणजे जायंट सेल ट्यूमर. पाश्चात्त्य देशांपेक्षा भारतात आणि चीनमध्ये हाडांच्या गाठींत तिचा वाटा बराच मोठा आहे. ती वीस ते चाळीस या कमावत्या वयात होते, गुडघ्यालगत किंवा मनगटाजवळच्या हाडाच्या अगदी टोकाला बसते आणि सांध्यापर्यंतचे हाड खाऊन टाकते. शेतात खुरपणारी, भाकऱ्या थापणारी बाई मनगट दुखते म्हणते तेव्हा कामाने दुखत असेल असे घरचे धरून चालतात. ही गाठ सहसा जिवावर उठत नाही, परंतु नुसती खरवडून काढली तर साधारण एक-तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत पुन्हा उद्भवते. पोकळीच्या भिंती यंत्राने घासून, फिनॉलसारख्या द्रवाने उरलेल्या पेशी मारून आणि तिथे अस्थिसिमेंट भरून ते प्रमाण बरेच खाली आणता येते. म्हणून पहिलीच शस्त्रक्रिया अनुभवी हातांनी व्हावी. दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा आलेली गाठ सांधा वाचू देत नाही.

आता सुरीचा प्रश्न, ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहावेसे वाटले. गाठीला चाकू लागला की कर्करोग पसरतो, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते आणि त्या भीतीने लोक तपासणीच टाळतात. योग्य रीतीने केलेल्या बायोप्सीविषयी, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढण्याविषयी, ही भीती निराधार आहे. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय उपचार सुरूच करता येत नाहीत. पण ती चुकीच्या जागी, चुकीच्या दिशेने किंवा चुकीच्या हातांनी झाली तर मात्र हानी खरी असते. सुई किंवा सुरी ज्या वाटेने आत गेली ती सगळी वाट पुढच्या शस्त्रक्रियेत गाठीसोबत कापून काढावी लागते. मांडीवर आडवा छेद घेतला, रक्तवाहिन्यांच्या किंवा सांध्याच्या पोकळीतून वाट काढली, छेदात रक्त साकळू दिले, तर एरवी वाचला असता तो पाय कापण्याची वेळ येते. अमेरिकी अस्थिशल्यविशारद हेन्री मॅनकिन यांनी १९८२ मध्ये ३२९ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली आणि १९९६ मध्ये अधिक रुग्णांवर ती पुन्हा केली. दोन्ही वेळा निष्कर्ष तोच निघाला. अंतिम उपचार करणाऱ्या केंद्राऐवजी रुग्णाला पुढे पाठवणाऱ्या रुग्णालयात बायोप्सी झाली की चुका आणि गुंतागुंती कैक पटींनी वाढतात; दुसऱ्या पाहणीत हे प्रमाण २ ते १२ पट आढळले. आमच्या भागातल्या एका रुग्णालयात पू समजून उघडलेली, मग निचऱ्याची नळी घालून ठेवलेली मारक गाठ मी पाहिली आहे. त्या शल्यचिकित्सकाला मुलाचे बरे व्हावे असेच वाटत होते. त्यांच्याकडे सल्ला विचारण्याची सोपी, ठरलेली वाट नव्हती, ही माझी तक्रार आहे.

पू समजण्याची चूक विशेषतः युइंग सार्कोमाच्या बाबतीत होते. जेम्स युइंग यांनी १९२१ मध्ये वर्णन केलेली ही गाठ लांब हाडांच्या मधल्या भागात किंवा कमरेच्या हाडात होते आणि तिच्यात ताप येतो, जागा गरम लागते, शरीरातला दाह दाखवणारी रक्ताची ईएसआर तपासणी वाढलेली येते. आपल्याकडे अशा वेळी क्षयाची औषधे सुरू करून वाट पाहण्याचा मोह होतो. हाडाचा क्षय आपल्याकडे आहेच, त्यामुळे शंका येणे रास्त आहे. पण नमुना न तपासता महिनोन्‌महिने अंदाजाने औषधे देणे रास्त नाही. घेतलेल्या नमुन्याचा एक भाग जंतूंच्या तपासणीला आणि दुसरा सूक्ष्मदर्शकाला, असा नियम पाळला तर दोन्ही बाजूंची चूक टळते.

निदान झाल्यावर घरात जो सन्नाटा पसरतो तो समजण्यासारखा आहे, पण आजची स्थिती पन्नास वर्षांपूर्वीची नाही. केवळ पाय कापून उपचार होत असत तेव्हा ऑस्टिओसार्कोमाच्या पाचांपैकी चार रुग्णांना रोग पुढे फुप्फुसात गाठत असे, कारण न दिसणाऱ्या पेशी आधीच तिथे पोहोचलेल्या असत. १९७०च्या दशकात केमोथेरपी आली आणि चित्र पालटले. आता आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमो असा क्रम असतो आणि निदानाच्या वेळी रोग पसरलेला नसेल तर दहापैकी सहा ते सात रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. पसरलेला असेल तर हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. दुखणे अंगावर काढू नका असे मी म्हणते ते यासाठी. बहुतेकांचा पाय वाचतो. गाठ असलेला भाग काढून धातूचा सांधा बसवतात, किंवा निवडक रुग्णांत तेच हाड बाहेर काढून, त्यावर किरणांची एकच मोठी मात्रा देऊन सगळ्या रोगपेशी मारून ते पुन्हा जागेवर बसवतात. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात या दोन्ही पद्धती वापरल्या जातात. १९४१ मध्ये सुरू झालेल्या त्या रुग्णालयात आपल्या जिल्ह्यातले किती रुग्ण जातात आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत त्यांच्या नातेवाइकांना कसा आसरा मिळतो, हे इथल्या अनेक कुटुंबांना अनुभवाने माहीत आहे. कर्करोगाचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट आहेत आणि रेल्वेच्या तिकिटातही रुग्णाला व सोबतच्या माणसाला सवलत मिळते; खर्चाच्या धास्तीने कुणी पहिली तपासणी पुढे ढकलू नये.

मोठ्या माणसांविषयी थोडक्यात. चाळिशी-पन्नाशीनंतर हाडात दिसणारी मारक गाठ बहुतेक वेळा हाडाची स्वतःची नसते. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड किंवा थायरॉइड यांतून ती तिथे आलेली असते, किंवा ती मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग, असते. वयस्क माणसाची पाठ दुखते, सोबत रक्त कमी झाले आहे, मूत्रपिंडाची तपासणी बिघडली आहे, तर हाडे ठिसूळ झाली म्हणून कॅल्शियमच्या गोळ्यांवर भागवू नये. हाडातले खनिज बरेच घटेपर्यंत मणक्याच्या साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

शासनाकडे माझ्या मागण्या मोजक्या आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघर इथे झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. ज्या ३० विकारांसाठी हा कार्यक्रम आखला गेला त्यांत हाडांच्या गाठी नव्हत्या, आणि दुर्मीळ रोगासाठी सगळ्या मुलांचे एक्स-रे काढा असे कोणीही म्हणणार नाही. परंतु पथकाने प्रत्येक मुलाला एक प्रश्न विचारावा: हात किंवा पाय एकाच जागी दोन आठवड्यांहून अधिक दुखतो आहे का आणि रात्री त्याने जाग येते का? हो म्हणणाऱ्या मुलाला ग्रामीण रुग्णालयात एक्स-रेसाठी चिठ्ठी द्यावी. हाच प्रश्न शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना शिकवावा, कारण लंगडणारा खेळाडू सर्वांत आधी त्यांच्या नजरेस पडतो. दुसरे, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत काढलेले संशयास्पद एक्स-रे त्याच दिवशी वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञांना मूळ स्वरूपात पाठवण्याची व्यवस्था असावी. मोबाइलवर काढलेल्या एक्स-रेच्या छायाचित्रात गाठीची कड नाहीशी होते आणि आमचा सगळा निर्णय त्या कडेवरच अवलंबून असतो. सोलापूरचे वैद्यकीय महाविद्यालय आणि बार्शीचे कर्करोग रुग्णालय आमच्या जिल्ह्यातच असल्याने ही सुरुवात इथून करणे कठीण नाही. तिसरे, तज्ज्ञांचे मत येईपर्यंत अशा गाठीला छेद देऊ नये, असे लेखी परिपत्रक आरोग्य विभागाने सरकारी आणि खासगी अशा सर्व रुग्णालयांसाठी काढावे.

पालकांना एक व्यवहाराची सूचना करते. मुलाचे पहिले एक्स-रे, अहवाल आणि बायोप्सी झालीच असेल तर तिच्या काचपट्ट्या व मेणात जतन केलेले नमुने रुग्णालयाकडून मागून घ्यावेत आणि मोठ्या केंद्रात जाताना सोबत न्यावेत. तिथे ते पुन्हा तपासले जातात आणि हे नमुने हाताशी असले तर मुलाच्या हाडाला दुसऱ्यांदा छेद देण्याची वेळ अनेकदा येत नाही.

आपली विश्वासू,
एक क्ष-किरण निदानतज्ज्ञ,
पंढरपूर, जिल्हा सोलापूर